एएन-३२ च्या जागी कुठलं विमान घ्यावं?

सांबरेकर: आमच्या घरावरनं एअरफोर्सची विमानं जातात म्हणून लहानपणापासनं हा नाद. एएन-३२ ही मालवाहू विमानं आता म्हातारी झाली, मग त्यांच्या जागी सी-१३०जे, सी-३९० का ए४००एम, काय बरं पडेल सांगा की

खानापूरकर: अहो एएन-३२ ची जागा थोडीफार सी-२९५ घेईल की, २०२१ ला ५६ चा करार झालाय, त्यातली ४० वडोदऱ्यात बनवायची. पण ते उचलतंय ९ टनाच्या आसपास. तुम्ही म्हणताय ती तिन्ही वरच्या गटातली, सी-१३०जे साधारण २० टन, सी-३९० २६, ए४००एम ३७. झोरावर रणगाडाच २५ टनाचा, म्हणजे सी-१३०जे मध्ये तो बसतच नाही बघा. माझं मत सी-३९०.

निपाणीकर: टन बघून विमान घेत नाहीत हो. २०१३ ला लडाखमधल्या दौलत बेग ओल्डीला १६,६१४ फुटांवर सी-१३०जे उतरवलंय आपल्या पोरांनी, तिथं हवा विरळ, धावपट्टी कच्ची. आणि १२ आपल्याकडं आहेतच, पायलट मेकॅनिक स्पेअर सगळं तयार, नवीन जात आणली की सगळं पहिल्यापासनं.

मराठा लाइटवाला: बाबा चंदीगडहून लेहला एएन-३२ नं गेलेले, बाजूच्या जाळीच्या सीटवर गुडघ्याला गुडघा लावून, कानात कापूस, तरी उतरल्यावर दिवसभर कान वाजत होते म्हणे. कुठलंही घ्या पण लवकर घ्या, आत आपलीच माणसं बसतात.

सांबरेकर: झोरावरचा मुद्दा पटला मला, पण निपाणीकर, स्पेअरचं तुमचं पण खरं आहे बघा.