मदत हवी आहे: तीन पेडी दोराचा डोळा जमला, पोकळ वेणीचा मात्र निसटतोय

नमस्कार मंडळी,

झाडावर चढून फांद्या उतरवण्याचं काम शिकतोय. ज्यांच्या हाताखाली आहे ते काका सगळं गाठींवर भागवतात आणि त्यांचं कधी अडलेलं पाहिलं नाही. मला मात्र स्प्लाइस शिकायचंय, म्हणजे गाठ न मारता टोक दोरातच विणून किंवा पुरून डोळा (दोराच्या टोकाचं कायमचं कडं) करायचा. गाठीपाशी दोराची ताकद पाव ते तिसरा हिस्सा घटते, स्प्लाइसमध्ये ती बरीचशी टिकते, असं सगळे सांगतात. खरं सांगायचं तर मला त्याहून जास्त छळतो तो गाठीचा गठ्ठा. कधी कप्पीत अडकतो, कधी बेचक्यात.

तीन पेडी दोरावर सुरुवात केली. पहिल्या खेपेला दोन पेड एकाच फटीतून बाहेर आले आणि डोळा तिरळा झाला. तिन्ही पेड तीन वेगळ्या फटींतून, पिळाच्या उलट दिशेने निघाले पाहिजेत हे कळल्यावर हात बसला. नायलॉनचा दोर गुळगुळीत, म्हणून पाच फेऱ्या ओवल्या.

मग १० मिमीचा बारा पेडी पोकळ वेणीचा पॉलिएस्टर दोर घेतला. पायजम्यात नाडी ओवावी तसं टोक दोराच्या पोटात १५ सेमी सरकवलं. लटकून पाहिलं, हललं नाही. खूश होऊन काकांना दाखवायला गेलो, त्यांनी दोर हातात घेऊन नुसता दोनदा झटकला आणि शेपूट बाहेर! काका काही बोलले नाहीत, हसले फक्त.

माझं वजन पेललं आणि झटक्याने निसटलं, हे कसं? शेपूट निमुळतं करायलाच हवं का? आणि यानंतर चढायच्या चोवीस पेडी दोराला हात घालू का?

प्रतिसाद १

काका बरोबर हसले. पोकळ वेणी ताणली की बारीक होते आणि पोटातल्या शेपटाला आवळते. म्हणजे पकड ताणामुळे आहे. ताण गेला की वेणी फुगते, शेपूट मोकळं होतं आणि हलवलं की सरकतं. त्यासाठी घशापाशी, म्हणजे शेपूट दोरात शिरतं तिथे, जाड दोऱ्याने आरपार टाके घाला, एकदा एका बाजूने, मग काटकोनात. ते टाके वजन पेलायला नसतात, ढिल्या दोरात शेपूट जागेवर ठेवायला असतात. म्हणून करकचून ओढू नका.

१५ सेमी फारच कमी आहे. ओवायची पोकळ सळई असते, फिड म्हणतात तिला. तिची लांबी दोराच्या व्यासाच्या साधारण २१ पट, म्हणजे तुमच्या दोराला २१ सेमी. तुमचं शेपूट एक फिडभरसुद्धा आत नव्हतं. डायनीमासारख्या निसरड्या कृत्रिम धाग्याच्या दोरात तर व्यासाच्या ७२ पट पुरण्याची पद्धत आहे. तुमच्या दोराचा नेमका आकडा बनवणाऱ्याच्या तक्त्यातून घ्या, अंदाजाने नको.

निमुळतं करायलाच हवं. शेपूट एकदम संपलं तर तिथे दोर जाडाचा अचानक बारीक होतो आणि तुटायला तीच जागा शोधतो. पेड टप्प्याटप्प्याने जोडीजोडीने छाटा, मग डोळ्याकडून खाली वेणी हाताने निपटत आणा, चुण्या राहायला नकोत.

प्रतिसाद २

चोवीस पेडीबद्दल: आत्ता नको. त्यात गाभा आणि आवरण दोन्ही भार वाहतात. गाभा बाहेर काढायचा, आवरणाचं शेपूट गाभ्यात, गाभ्याचं आवरणात, मग सगळं आवरण पुन्हा वर चढवायचं. खुणा बोटभर चुकल्या तरी एकावरच भार येतो, आणि बाहेरून डोळा देखणाच दिसतो. वापरलेल्या दोरात आवरण आकसून कडक झालेलं असतं, त्यामुळे शिकायला नवा दोर घ्या. जीव टांगायचा दोर कारखान्यातून शिवलेल्या डोळ्याचाच घ्या.

आणि लटकून पाहणं ही परीक्षा नव्हे. सुटलेली फांदी दोरावर येते तेव्हा झटका तिच्या वजनाच्या कित्येक पट असतो.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. तक्ता मिळाला, शेपूट नव्याने मोजलं, टाके घातले. झटकून, आपटून पाहिलं, जागचं हललं नाही. मात्र एक घोळ झालाय. डोळा हवा त्यापेक्षा लहान झाला आणि शेपूट तर छाटून बसलोय. उसवून तेच शेपूट थोडं बाहेर ओढलं तर चालेल?

प्रतिसाद १

नाही. छाटलेला भाग डोळ्याच्या कमानीत किंवा घशात आला तर तिथे पेडच कमी असतील. तेवढा तुकडा कापून टाका आणि पहिल्यापासून करा. दोर आखूड होईल, होऊ द्या. पुढच्या वेळी खुणा केल्यावर आधी न छाटता नुसतं ओवून डोळा मापून बघा, कात्री नंतर.