मदत हवी आहे : १९५७ ची करतडजोड आणि जीएसटी परिषद
सोलापुरातील आमच्या वाचनालयात स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांसमोर केंद्र-राज्य संबंधांवर मला बोलायचे आहे आणि एका मुद्द्यावर जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण आणि वने राज्यसूचीतून समवर्ती सूचीत (केंद्र व राज्ये दोघांनाही कायदे करता येणाऱ्या विषयांच्या यादीत) गेली, सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या बोम्मई निकालाने राष्ट्रपती राजवटीच्या वापराला लगाम घातला, इथपर्यंत सरळ आहे. अडचण करांची आहे, आणि चादरी-टॉवेलच्या या गावात मुले तेच आधी विचारणार. १९५७ मध्ये कापड, साखर व तंबाखूवरील विक्रीकर राज्यांनी सोडला, त्याबदल्यात केंद्राने अतिरिक्त उत्पादन शुल्क लावून ते उत्पन्न राज्यांना वाटून दिले. आता जीएसटी परिषदेत, म्हणजे वस्तू व सेवा कराबाबत शिफारशी करणाऱ्या केंद्र-राज्यांच्या संयुक्त मंडळात, केंद्राच्या मताला एक तृतीयांश, सर्व राज्यांच्या मतांना मिळून दोन तृतीयांश वजन आणि निर्णयासाठी तीन चतुर्थांश बहुमत अशी रचना असल्याने केंद्राच्या संमतीशिवाय एकही ठराव पुढे सरकत नाही. मला तरी हा बदल १९७६ पेक्षा खोलवरचा वाटतो. १९५७ च्या तडजोडीला या परिषदेची पूर्वपीठिका मानणे योग्य ठरेल का? विक्रीकराच्या जुन्या व्यवस्थेत काम केलेल्या ज्येष्ठांनी आणि राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांनी कृपया सविस्तर लिहावे.