जुनी मोठी व्हॅन पाळणाऱ्यांनो, काय काय निघालं आणि किती गेले? अनुभव सांगा

मागच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर एक १३ सीटर डिझेल व्हॅन घेतली, २००८ ची, २ लाख १० हजारांना. घरात माणसं अकरा, वर आमचं भजनी मंडळ, त्यामुळे कार परवडत नाही आणि बस झेपत नाही अशी गत. डॅशबोर्डमध्ये एक वही ठेवलीय, त्यात प्रत्येक खर्च लिहितो. चौदा महिन्यांत ९१ हजार झालेत. क्लच सेट मजुरीसकट साडेचौदा हजार, रेडिएटरचा कोअर ९ हजार, मागच्या पाट्यांचं (स्प्रिंगचं) मेन पान तुटलं ते वेगळंच. बायको म्हणते विकून टाका, मेस्त्री म्हणतो आता सगळं नवीनच झालंय की. दोघांपैकी कुणाचं ऐकू? तुमचे आकडे सांगा, खरे सांगा, मित्राच्या गॅरेजात फुकट झालं वगैरे नको.

रातांबा, चिपळूण
आकडा सांगतो, २२ हजार, आणि त्यात एकही मशीनचा पार्ट नाही. निव्वळ पत्रा. झालं असं की जुलैत गुहागरला चाललो होतो, मागच्या सीटवर मामी बसलेली, ती म्हणाली अरे माझे पाय भिजतायत. मी वर छताकडे बघतोय कुठनं गळतंय, तर पाणी खालनं येत होतं. मॅट उचलली तर पळता रस्ता दिसला. आधीच्या मालकाने गंज काढायच्या ऐवजी वर जाड रबरी मॅट टाकून दिली होती, आणि ती मॅटच ओल धरून ठेवत होती. डेंटरने सडलेला पत्रा कापून नवा वेल्ड केला, खालून कोटिंग मारलं. स्लायडिंग दरवाजाची खालची रेलपण गेलेली, रोलर १२०० चा, पण बसवायला रेलच शिल्लक नाही. आमच्याकडे खारा वारा, त्यामुळे इंजिन राहतं आणि गाडी जाते. दरवाजाच्या तळाला बारीक भोकं असतात पाणी निघायला, ती चिखलाने बुजतात, मे महिन्यात सळईने मोकळी करा. हे मला २२ हजार देऊन कळलं.

उद्यमनगरी
माझा आकडा ३८ हजार आणि सुरुवात साडेतीनशेच्या फॅनबेल्टने. बेल्ट ओरडत होता महिनाभर, सकाळी सकाळी कुईं करायचा मग गप्प. आंबोली घाटात तापमानाचा काटा वर चढायला लागला तेव्हा थांबायला पाहिजे होतं, पण भाऊजी म्हणाले जाऊ की सावंतवाडीपर्यंत, आलंच. आलं खरंच. दुसऱ्या दिवशी रेडिएटरचं झाकण उघडून (थंड असताना, गरम असताना हात लावू नका, तोंड भाजेल) गाडी चालू केली तर आत भात रटरटावा तसे बुडबुडे. म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाचं, हेडचं सील) गेली, सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय. हेड काढून कोल्हापूरला उद्यमनगरात नेलं, पट्टी लावून बघितलं तर हेड वाकलेलं, फेसिंग करून सपाट केलं, दोन व्हॉल्व गाइड बदलले, गॅस्केट सेट, थर्मोस्टॅट, ऑइल, कूलंट. भाऊजींनी अजून विषय काढलेला नाही.

सकाळची_फेरी
मी पुण्यात शाळेची मुलं नेतो, सहा वाजता गाडी लागली पाहिजे म्हणजे पाहिजे. मागच्या डिसेंबरात सकाळी उठेचना, चार पालक मिळून ढकलायचे, मुलं टाळ्या वाजवायची. आधी नवी बॅटरी टाकली ६८००. फरक नाही. मग सेल्फ (स्टार्टर मोटर) खोलून कार्बन ब्रश, बुश बदलून घेतले २२००. इंजिन आता जोरात फिरतंय पण पकडत नाही. मग एका म्हाताऱ्या वायरमनने विचारलं हीटर बघितले का? हीटर म्हणजे ते ग्लो प्लग हो, जुन्या डिझेलमध्ये प्रत्येक सिलिंडरला एक असतो, थंडीत तो तापल्याशिवाय डिझेल पेट घेत नाही. त्याने वायर काढली, बॅटरीच्या प्लसला एक बल्ब लावून दुसरं टोक हीटरच्या डोक्यावर टेकवलं, चारपैकी तीन ठिकाणी बल्ब लागलाच नाही. नाना पेठेतून चार आणले, साडेचारशेला एक. म्हणजे १८०० चं काम ९ हजार घालवून सापडलं.

डबल_क्लच
@सकाळची_फेरी हसू आलं पण माझंही हेच झालंय, फक्त माझ्या वेळी डिझेल पंप उतरवून कॅलिब्रेट करून आणला होता आणि निघाली फिल्टरकडची ढिली नळी, हवा घेत होती.

जुना_फिटर
तीस वर्षं हेच काम केलं, आता हात थरथरतात म्हणून सल्ला देतो. ज्यांनी मॅटॅडोर व्हॅन बघितलीय त्यांना माहीत असेल, बजाज टेम्पोने मर्सिडीजचं ओएम ६१६ इंजिन परवान्यावर बनवलं, चार सिलिंडर, २.४ लिटर. १९८७ ला त्यांची ट्रॅव्हलर व्हॅन आली, २००५ ला कंपनीचं नाव फोर्स झालं, पण ते जुनं इंजिन ज्याने वेळेवर ऑइल बदललं त्याचं सहसा बसलं नाही. मरतं ते आजूबाजूचं. रबरं, सील, नळ्या, वायरी. आणि या गाड्यांत पार्ट स्वस्त, तिथपर्यंत पोचणं महाग. क्रँकचं मागचं ऑइल सील तीनशे रुपयांचं, पण त्यासाठी गिअरबॉक्स खाली घ्यायचा चार हजार. म्हणून क्लच करताना ते सील, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग तिथल्या तिथे बदलून टाकायचं. उघडलंच आहे तर करून घ्या.

धागाकर्ता
काका, हेच वाक्य! "उघडलंच आहे तर". माझ्या वहीतले निम्मे खर्च या वाक्याचे आहेत. रेडिएटर काढलाच आहे तर वॉटर पंप, पंप काढलाच आहे तर टायमिंग, असं करत करत पुढचे फाउंडेशन रबर (इंजिन ज्यावर बसतं ते) पण बदलले, त्याचा रेडिएटरशी काय संबंध?

जुना_फिटर
काही नाही. पंप ठीक, बाकीचं नाही. ज्या कामाला पुन्हा तीच मजुरी पडणार आहे तेवढंच "उघडलंच आहे तर" मध्ये येतं. फाउंडेशन खालून जॅक लावून कधीही बदलता येतात. आणि जुना पार्ट हातात मागायचा, प्रत्येक वेळी. जुना सामान द्यायला जो खळखळ करतो तिथे परत जायचं नाही.

ताशा_न्यूजर्सी
इकडचं चित्र उलटं आहे म्हणून लिहितो. आमच्या ढोल-ताशा पथकाने २००३ ची १५ सीटर व्हॅन घेतली, ५.४ लिटर पेट्रोल व्ही८, ढोल मागे माणसं पुढे. इंजिन अर्धं केबिनमध्ये, दोन सीटच्या मध्ये मोठं झाकण, ते काढल्याशिवाय मागचे प्लग दिसतच नाहीत. एके दिवशी हायवेवर फटाका फुटल्यासारखा आवाज आणि मग फटफट फटफट. स्पार्क प्लग हेडमधनं उडून बाहेर आला होता, आटे घेऊन. हेड न उतरवता नवे आटे बसवणारा माणूस शोधला, ४५० डॉलर. आधीच्या दुकानाने हेडच बदलायचं म्हणून ३२०० सांगितले होते. तासाला १४० डॉलर मजुरी असल्यावर तुमचे ते चार हजारांचे गिअरबॉक्स गोड वाटतात. एक गंभीर गोष्ट, १५ सीटर भरून नेता तेव्हा वजन मागे आणि वर जातं, दहा किंवा जास्त माणसं असली की उलटायचा धोका खूप वाढतो, असा इशारा इथल्या एनएचटीएसए या सरकारी संस्थेने २००१ लाच दिलाय. आम्ही मागची सीट काढून ढोल खाली ठेवतो, छतावर काही नाही, आणि टायर किती घासलाय याआधी किती वर्षांचा आहे ते बघतो.

वरंधा_उतार
खर्च २०० रुपये, पण सगळ्यात जास्त घाम याच्यात फुटला. वरंधा घाट उतरताना ब्रेकचं पेडल अचानक दगडासारखं कडक. ब्रेक लागत होता पण दोन्ही पायांनी उभं राहून. दुसऱ्या गिअरमध्ये होतो म्हणून निभावलं, न्यूट्रलला पेट्रोल डिझेल वाचवणाऱ्यांनी हे वाचावं. खाली येऊन बघितलं तर अल्टरनेटरच्या पाठीमागे जो व्हॅक्युम (हवा ओढणारा) पंप असतो त्याची, ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरला जाणारी रबरी नळी उलून फुटलेली. डिझेलला पेट्रोलसारखा आपोआप व्हॅक्युम मिळत नाही म्हणून तो पंप लागतो, हे मला तिथे टपरीवर चहा पिताना एका ट्रकवाल्याने समजावलं. सगळ्या नळ्या दाबून बघा, चिरा दिसल्या की बदला.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. आज सुट्टी होती, नळ्या बघितल्या, एक चिरलेली निघाली, बदलली, १८० रुपये, वहीत लिहिले. मग रातांबांचं वाचून मागची मॅट उचलली. उजवी बाजू ठणठणीत. डावीकडे चाकाच्या वर पत्र्याला बोट लावलं आणि बोट आत गेलं. मॅट परत टाकलीय, बायकोला अजून सांगितलेलं नाही. सातारा-कराडकडे चांगला डेंटर कुणाच्या ओळखीचा आहे का?