लॅक्टोज-फ्रीने फरक का पडत नाही

लॅक्टोज-फ्री पावडर सुरू केली तरी बाळाच्या शीत रक्ताच्या बारीक रेषा आणि शेम दिसतेच आहे, असं तुम्ही लिहिलंय. त्यात नवल नाही. लॅक्टोज ही दुधातली साखर. गाईच्या दुधाची ॲलर्जी असते ती त्यातल्या प्रथिनांची, म्हणजे केसीन आणि व्हेची. लॅक्टोज-फ्री डब्यात ती जशीच्या तशी असतात. त्यामुळे आधी निदान पक्कं करून घ्या, डबे बदलत बसू नका.

अशा बाळांना डॉक्टर सहसा 'एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड' फॉर्म्युला देतात. त्यात प्रथिनांचे बारीक तुकडे केलेले असतात. तेही सोसलं नाही तर अमिनो ॲसिडवाला. चव कडवट आणि वास उग्र असतो, बाळ पहिल्या घोटालाच तोंड वेडंवाकडं करतं. शी हिरवट झाली तर घाबरू नका, या फॉर्म्युल्याने तसं होतंच. फरक दिसायला दोन ते चार आठवडे द्या.

शेळीचं दूध चालेल असं कुणीतरी सांगेलच (सांगणारे कधी कमी पडत नाहीत!). त्यातली प्रथिनं गाईच्या दुधासारखीच असल्याने बहुतेकांना तेही बाधतं.

अंगावर पाजत असाल तर ते बंद करू नका. आईने दुधाचे पदार्थ सोडायचे, पण कॅल्शियम विचारून घ्यायचं. बहुतेक मुलांची ही ॲलर्जी तीन ते पाच वर्षांपर्यंत जाते. मात्र ओठ सुजले, श्वास घरघरला किंवा बाळ मलूल पडलं तर तडक दवाखाना गाठा.