बंगळूरला बिऱ्हाड: एक ऑफिस मान्यता पार्कात, दुसरं इलेक्ट्रॉनिक सिटीत. घर कुठे बघावं?

पंचगंगाकाठ
नमस्कार मंडळी. मे महिन्यात कोल्हापूरहून बंगळूरला बिऱ्हाड हलवतोय. माझं ऑफिस शहराच्या उत्तरेला, नागवाऱ्याला मान्यता टेक पार्कात, आठवड्यातून तीन दिवस जावं लागेल. बायकोचं पार दक्षिणेला, इलेक्ट्रॉनिक सिटीत, तिला चार दिवस. मुलगा पाचवीत जाईल. आई सोबत येणार. वय सत्तरच्या पुढं, गुडघे कुरकुरतात, पण सकाळ-संध्याकाळ बाहेर पडल्याशिवाय तिला करमत नाही. आई सोडून कुणाला कानडी येत नाही. तिचं माहेर निपाणीकडचं, त्यामुळं कामापुरतं बोलते.

भाडं चाळीस हजारांपर्यंत परवडेल. ऑफिसातले सगळे सांगतायत, दोघांच्या मध्ये घ्या, इंदिरानगर नाहीतर कोरमंगला. एका दलालानं माझ्या ऑफिसजवळ थणीसंद्रात नवीन टॉवर दाखवलाय, अठरावा मजला, स्विमिंग पूल वगैरे. व्हिडिओत तरी झकास दिसतोय. काय काय बघून ठरवावं?

ता. क. मटण-मासे खातो. ते सोडणार नाही.

सिल्कबोर्डचा_कैदी
'मध्ये' अजिबात घेऊ नका. या गावात मध्ये म्हणजे दोघांनाही अर्धा-अर्धा ताप, आणि वर सगळ्यात महाग भाडं. कोरमंगल्याहून मान्यता नकाशात जवळ दिसतं. सोमवारी सकाळी नऊला एकदा जाऊन बघा.

सांपिगे_रोड
वरच्यांशी सहमत. पण मी हिशेब वेगळ्या टोकानं मांडेन. तुम्ही तीन दिवस ऑफिसात, वहिनी चार दिवस, मुलगा दुपारपर्यंत शाळेत. घरात आणि गल्लीत सगळ्यात जास्त वेळ कोण असणार? आई. मग वस्ती त्यांच्या सोयीची निवडा, आणि तिथून दोघांच्या ऑफिसला जायची वाट निघते का ते बघा.

आमचं घर मल्लेश्वरममध्ये आहे, त्यामुळं थोडं पक्षपाती बोलतोय असं समजा. आठव्या क्रॉसला (म्हणजे आडव्या रस्त्याला) भाजी, फुलं, पूजेचं सामान, औषधं सगळं पायी. फूटपाथ जागोजागी उखडलेत, चढउतारही आहे, ते लपवत नाही. पण सँकी तलावाभोवतीचा चालायचा रस्ता आईंना नक्की आवडेल. काडु मल्लेश्वराच्या देवळाला थोड्या पायऱ्या आहेत. (जाता जाता: तिथं १६६९ सालचा शिलालेख आहे, व्यंकोजीराजांनी देवस्थानाला गाव दान दिल्याचा. आईंना सांगा, आपली माणसं साडेतीनशे वर्षं आधीच पोचलीत.) मुख्य म्हणजे इथं म्हाताऱ्या माणसांची गर्दी आहे. संध्याकाळी कट्ट्यावर बसलेल्या चार बायका कामापुरत्या कानडीवरही सामावून घेतात. टॉवरच्या अठराव्या मजल्यावर लिफ्टनं खाली यायचं म्हणजे 'बाहेर जायचं' ठरवावं लागतं. गुडघे दुखणारं माणूस मग हळूहळू ठरवेनासं होतं. माझ्या सासूबाईंचं अगदी हेच झालं, शेवटी घर बदललं.

आता वाट. वहिनींसाठी: सांपिगे रोड स्टेशनवरून हिरवी मेट्रो, आर. व्ही. रोडला उतरून पिवळी, थेट इलेक्ट्रॉनिक सिटी. पिवळा मार्ग ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाला. सुरुवातीला पंचवीस मिनिटांनी एक गाडी होती, नंतर वाढल्या. दारापासून दारापर्यंत सव्वा तास धरा. वेळ कमी नाही, पण पाऊस असो, मोर्चा असो, तेवढाच लागतो, आणि बसायला मिळालं तर डुलकीही होते. तुमच्यासाठी: मेखरी सर्कल, हेब्बाळ, मान्यता. साडेसातला निघालात तर निवांत, नऊला निघालात तर देव भलं करो. नागवाऱ्याला जाणाऱ्या गुलाबी मेट्रोच्या भरवशावर आज घर ठरवू नका. आली की आली.

आणखी एक. कोल्हापूरच्या बसगाड्या तुमकूर रोडनं शहरात शिरतात आणि गोरगुंटेपाळ्या, यशवंतपूरला माणसं उतरवतात. मिरजेकडून येणारी राणी चन्नम्माही यशवंतपूरला थांबते. सणाला गावी जाऊन पहाटे परतताना पंधरा-वीस मिनिटांत घर गाठता येतं. व्हाइटफील्डला राहणारा माझा मेहुणा उतरल्यावर पुन्हा शहरभर प्रवास करतो.

थणीसंद्रेकर
टॉवरची एवढी बदनामी नको. आमच्या सोसायटीत आज्या-आजोबांचा रोज संध्याकाळी भजनाचा कार्यक्रम असतो, चार मराठी घरं आहेत, मुलाला खेळायला खाली दहा दोस्त. मल्लेश्वरमच्या जुन्या घरात पार्किंग मिळेल का? लिफ्ट असेल का? दुसरा मजला आणि लिफ्ट नाही, म्हणजे गुडघ्यांचं काय होणार?

पाणी मात्र खरंच विचारा. आमच्याकडं उन्हाळ्यात टँकर लागतात आणि तो खर्च मेंटेनन्समध्ये येतो. भाडं ठरवताना हे कुणी सांगत नाही.

सांपिगे_रोड
लिफ्टचा मुद्दा रास्त आहे. तळमजला किंवा पहिला मजलाच बघा, नाहीतर सोडून द्या.

नळाला_पांढरा_थर
पाण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण २०२४ च्या मार्चमध्ये आमच्या भागात बोअर आटल्या आणि लोक अंघोळीसाठी जिमला जात होते.

जुन्या वस्त्यांत कावेरीचं पाणी येतं, बहुतेक गल्ल्यांत एकाआड एक दिवस. ते आधी जमिनीखालच्या संपमध्ये, म्हणजे हौदात, पडतं, मग मोटरनं वरच्या टाकीत चढतं. बाहेरच्या नव्या भागांत बराच काळ सगळा कारभार बोअर आणि टँकरवर होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरी पाणीयोजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला, तो अशाच भागांसाठी. पण रस्त्याखाली पाइप आला म्हणजे तुमच्या इमारतीनं कनेक्शन घेतलं असं नाही. मालकाला विचारू नका, तो 'पाण्याचा काहीच प्रॉब्लेम नाही' म्हणणार. बाथरूममध्ये जाऊन नळाच्या तोंडाशी आणि शॉवरच्या भोकांवर बघा. पांढरा, खरखरीत थर नखानं खरवडून निघत असेल तर बोअरचं जड पाणी आहे. गीझरची कॉइल दरवर्षी बदलायची तयारी ठेवा, आणि डाळही लवकर शिजणार नाही. नंतर खाली येऊन वॉचमनला विचारा, काल टँकर किती आले? तो खरं सांगतो.

दुसरं, सखल जागा. सप्टेंबर २०२२ च्या पावसात सर्जापूर रोडकडच्या भारी भारी वसाहतींतून माणसं ट्रॅक्टरनं बाहेर काढावी लागली. होरमावूजवळचं साई लेआउट मे २०२५ मध्ये पाण्याखाली होतं. पूर्वी तलाव किंवा राजकालुवे, म्हणजे मोठा ओढा, जवळ होता का ते शेजारच्या वाण्याला विचारा.

पंचगंगाकाठ
एवढं कुणी सांगितलंच नव्हतं! आईला वाचून दाखवलं. व्यंकोजीराजांचं ऐकून एकदम खूश झाली. आता डिपॉझिट आणि मटण, या दोन गोष्टी सांगा.

सिल्कबोर्डचा_कैदी
डिपॉझिटला इथं अ‍ॅडव्हान्स म्हणतात. पूर्वी दहा महिन्यांचं भाडं मागायचे, आता पाच-सहावर येतात, घासाघीस केलीत तर आणखी खाली. घर सोडताना रंगकामाचं म्हणून एक महिन्याचं भाडं कापतात. ते करारात लिहिलेलं असतं, आधीच वाचा आणि तिथंच वाद घाला. घरात शिरताना प्रत्येक भिंतीचा, नळाचा, बल्बचा व्हिडिओ काढून मालकाला पाठवून ठेवा.

कुणी 'लीज'वर घर देतो म्हणाला, म्हणजे एकरकमी मोठी रक्कम द्या आणि महिन्याला भाडं नाही, तर लांब राहा. मालक कर्जात असला तर रक्कम अडकते.

सांपिगे_रोड
मटणाचं आधीच स्पष्ट बोला. मल्लेश्वरमला मालक खाली राहत असेल तर पहिला प्रश्न तोच येतो, 'व्हेज की नॉनव्हेज'. लपवून राहायच्या भानगडीत पडू नका, तांबड्या रश्श्याचा वास जिना उतरून खाली जातोच. महालक्ष्मी लेआउट, यशवंतपूर, आर. टी. नगर, संजयनगर इथं मालक इतके कडक नाहीत. आर. टी. नगर, संजयनगर तुमच्या ऑफिसला जवळ, पण मेट्रो नाही, वहिनींचे हाल होतील. म्हणून आधी महालक्ष्मी लेआउट बघा. हिरव्या मार्गावरच आहे. शनिवारी सकाळी गल्ल्यांतून पायी फिरा, फाटकांवर 'टू लेट'च्या पाट्या लटकलेल्या असतात. त्यातल्या बऱ्याच कुठल्याही अ‍ॅपवर सापडत नाहीत, आणि दलालाचं एक महिन्याचं भाडंही वाचतं. आईंना सोबत न्या. मालकिणीशी कानडीत दोन वाक्यं बोलल्या की भाडं खाली येतं, हे मी स्वतः बघितलंय.

मावशी_फ्रॉम_मिरज
शाळेचं कुणी बोललंच नाही. कर्नाटकात सीबीएसई शाळेलाही कन्नड दुसरी नाहीतर तिसरी भाषा म्हणून शिकवावीच लागते. पाचवीत नव्यानं येणाऱ्या मुलाला वर्गाबरोबर बसवतात की वेगळं शिकवतात, हे प्रवेशाआधी विचारा. आणि शाळा घरापासून दोन-तीन किलोमीटरांत घ्या. स्कूलबस अख्ख्या इलाक्यात फिरते, पोरं गळून जातात.

पंचगंगाकाठ
पुढच्या शनिवारी आईला घेऊन येतोय. महालक्ष्मी लेआउट आणि मल्लेश्वरम, दोन्ही पायी फिरतो. एमएच पासिंगची गाडी आणली तर चालेल का?

थणीसंद्रेकर
सुरुवातीला चालते. कायद्यानं बारा महिन्यांच्या आत इथं नोंदवायची असते. कोल्हापूर सोडण्याआधीच तिथल्या आरटीओची एनओसी काढा, इथून पुन्हा त्यासाठी खेप पडते. इथला रोड टॅक्स भरला की पावती घेऊन तिकडच्या टॅक्सच्या परताव्याचा अर्ज करा.