कच्छात धक्का बसला की सासूबाई रात्रभर बसून राहतात. घरात नेमकं काय करावं?

पल्लवी_मांजलपूर

नमस्कार. मी पुण्याची, लग्नानंतर बडोद्यात आले. मांजलपूरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. खाली पार्किंग, वर तीन मजले, लिफ्ट नाही. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, वॉकर घेऊन चालतात.

२००१ च्या भूकंपात त्या माझ्या नणंदेकडे गांधीधामला होत्या. घर उभं राहिलं, पण आत जायची कुणाची छाती होईना, कित्येक रात्री सगळे मंडपात झोपले. आजही टीव्हीवर कच्छातल्या धक्क्याची पट्टी दिसली, मग तो तीन रिश्टरचा का असेना, त्या चपला घालून पलंगावर बसतात आणि "दार उघडं ठेव" म्हणतात. हे म्हणतात, "आई, बडोद्यात काही होत नाही," की त्या रडायला लागतात.

त्यात व्हॉट्सॲपवर मेसेज आलाय की टेबलाखाली जाऊ नका, पलंगाच्या कडेला आडवे पडा. खरंच धक्का बसला तर त्यांना घेऊन खाली पळायचं की घरातच थांबायचं?

वाघोडिया_रोडकर

पहिला झटका जाणवला की सरळ खाली. वॉकर सोडा, उचलून न्या. २००१ ला आमची अख्खी सोसायटी दोन मिनिटांत मैदानात होती.

दांडियाबाजारची_आजी

पल्लवी, वरच्या भाऊंनी कळकळीनेच लिहिलंय, पण तसं करू नकोस. हलत्या जिन्यावर धडधाकट माणसाचा पाय ठरत नाही. सासूबाईंना उचलून नेणारा मुलगाही त्यांच्यासकट पडेल.

त्या २६ जानेवारीला सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी मी दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात वरच्या मजल्यावर पूजेची तयारी करत होते. आधी समईतलं तेल डुचमळलं. मग कुणी बसलेलं नसताना झोपाळा हलायला लागला आणि त्याच्या पितळी कड्या करकरू लागल्या. केंद्र भचाऊजवळ, इथून तीनशे किलोमीटरवर, तरी ते थांबता थांबेना. माझे सासरे तेव्हा ऐंशीच्या पुढचे. जाऊबाई त्यांना जिन्याकडे नेऊ लागल्या. आमचा जिना लाकडी, उभा, दोर धरून उतरायचा. यजमान ओरडले, "बाबांना खाली बसवा!" सागवानी पलंगाला पाठ टेकवून त्यांना जमिनीवर बसवलं आणि डोक्यावर लोड धरला. तेवढ्यात माळ्यावरची तांब्याची घागर खाली आली ती जिन्याच्या तोंडाशीच. फरशीला पडलेला तो खोक अजून आहे.

आणि बाहेर? शेजारच्या अगाशीच्या कठड्याच्या विटा गल्लीत पडल्या होत्या. पळत सुटलो असतो तर त्यांच्याचखाली गेलो असतो. अंजारला त्या सकाळी प्रजासत्ताक दिनाच्या फेरीतली १८५ शाळकरी मुलं अरुंद गल्लीत दोन्हीकडची घरं कोसळून गेली. बाहेर म्हणजे मोकळं, असं पोळात (इकडच्या दाटीवाटीच्या जुन्या वस्तीत) किंवा गल्लीत धरून चालता येत नाही. तळमजला, दोन पावलांवर दार आणि पुढे मोकळं अंगण असेल तर बाहेर जावं. तिसऱ्या मजल्यावरून नाही.

म्हणून सासूबाई पलंगावर असतील तर तिथेच राहू द्या, उशी डोक्यावर आणि मानेवर घट्ट धरायची. चालत असतील तर जवळच्या खुर्चीवर किंवा खाली बसायचं, डोकं झाकायचं. हे आजपासूनच त्यांच्याकडून दिवसाउजेडी करून घ्या. बाकी तुम्ही दोघं मजबूत टेबलाखाली जाऊन त्याचा पाय धरा.

आता खोलीकडे बघ. पलंगाच्या डोक्याशी खिडकी आहे का? वर काचेचं शोकेस, भिंतीवर जड फ्रेम, कपाटावर ठेवलेल्या बॅगा? आधी ते सगळं हलवा. कपाट भिंतीला स्क्रूने पक्कं करून घ्या. माळ्यावरचे डबे आणि पितळेची भांडी खालच्या फळीवर आणा. हालणं थांबलं की पाइपलाइनच्या गॅसची कळ बंद करायची, आणि ती कळ कुठे आहे हे सासूबाईंनाही माहीत हवं.

मागाहून येणाऱ्या धक्क्यांचं तू विशेष विचारलं नाहीस, पण सासूबाईंचं दुखणं तेच आहे. कच्छात २८ जानेवारीला जवळजवळ सहाचा धक्का परत आला, आणि लहान धक्के पुढे वर्षानुवर्षं येत राहिले. असे धक्के दिवसागणिक विरळ होत जातात, पण मधूनच एखादा जोराचा येतो, आणि तडा गेलेलं घर त्याला पुरे पडत नाही. तेव्हा मंडपात झोपणं शहाणपणाचंच होतं. माणसाचं अंग मात्र ते विसरत नाही. इथे बडोद्यात आम्हालाही नुसती बस गेली तरी जमीन हलल्यासारखं वाटायचं. तेव्हा मी झोपाळ्याच्या कड्यांकडे बघायची. कड्या हलत नसल्या की कळायचं, हे आपलंच काळीज आहे. सासूबाईंच्या उशाशी स्टुलावर अर्धा पेला पाणी ठेव. रात्री दचकल्या तर आधी पाण्याकडे बघायचं.

आणि तुझ्या यजमानांना सांग, "इथे काही होत नाही" म्हणू नका. २३ मार्च १९७० ला भरूचला, इथून सत्तरेक किलोमीटरवर, ५.४ च्या भूकंपात २६ माणसं गेली. आईने जे पाहिलंय ते खोटं पाडलं की ती रात्री एकटी पडते. त्यापेक्षा टॉर्च, शिट्टी, औषधांची चिठ्ठी आणि चष्मा अशी पिशवी त्यांच्या हाताने भरून घ्या.

अलकापुरी_सिव्हिल

आजींशी सहमत. पलंगाच्या कडेला आडवं पडायचा तो मेसेज पुढे पाठवू नका. आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणही खाली बसा, डोकं झाका, आधार धरा, हेच सांगतं.

पण मला जास्त काळजी तुमच्या पार्किंगची आहे. खाली नुसते कॉलम आणि वर भिंतींनी भरलेले मजले असले की खालचा मजला लवचीक राहतो आणि सगळं वाकणं त्याच्यावर येतं. भचाऊपासून सव्वादोनशे किलोमीटरवरच्या अहमदाबादेत २००१ ला ज्या बहुमजली इमारती पडल्या, त्यांत अशा बऱ्याच होत्या. बडोदा आयएस १८९३ च्या (इमारतींच्या भूकंपसुरक्षेचं भारतीय मानक) २०१६ च्या आवृत्तीत झोन ३ मध्ये आहे, म्हणजे मध्यम धोका. कच्छ झोन ५ मध्ये, म्हणजे सर्वांत जास्त धोका.

उद्या खाली जाऊन बघा. कॉलमचं काँक्रीट सुटून सळई दिसते का, गंजाचे तपकिरी ओघळ आहेत का, कुणी दुकानासाठी भिंत फोडलीय का. प्लास्टरच्या केसाएवढ्या रेघेला घाबरू नका. कॉलमवर किंवा बीम-कॉलमच्या सांध्यावर तिरपी चीर असेल तर मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये खर्चावरून कटकट होईल, तरी रेटा. कॉलमला जॅकेटिंग, म्हणजे बाहेरून मजबूत आवरण, करता येतं, दोन कॉलममधल्या काही गाळ्यांत भिंती भरूनही जोर वाढवता येतो.

पल्लवी_मांजलपूर

खूप आभार. सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. कपाट आजच सरकवलं. पेल्याचं ऐकून त्या म्हणाल्या, गांधीधामला मंडपात त्याही तांब्या भरून ठेवत. पार्किंगच्या एका कॉलमला खालून गंज दिसतोय, फोटो सेक्रेटरींना पाठवलाय.

एकच राहिलं. त्या "दार उघडं ठेव" म्हणतात त्याचं काय? रात्री दार उघडं ठेवून झोपायची मला भीती वाटते.

दांडियाबाजारची_आजी

त्यांचं बरोबर आहे गं. हादऱ्याने चौकट तिरकी झाली की दार गच्च बसतं, आतून कडी, अडसर असेल तर आणखीच. तेव्हा रात्री अडसर आणि वरची कडी लावू नका, एकच लॅच ठेवा. किल्ली दाराजवळ खिळ्याला, सासूबाईंना दिसेल अशी. त्यांच्या खोलीचं दार मात्र सताड उघडं ठेवा आणि खाली लाकडी पाचर लावा. एक मोठी पहार बाथरूमबाहेर ठेवा, आत कुणी अडकलं तर लागेल. आणि त्या कॉलमचं सेक्रेटरी काय म्हणाले ते इथे कळव.