कोल्हापुरात घरी जुळवलेला पीसी : तुमचा अनुभव लिहा

नवा लॅपटॉप परवडत नव्हता आणि पोरीला बारावीनंतर डिझाइन शिकायचं होतं. म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही बापलेकीनं जेवणाच्या टेबलावर पीसी जुळवला. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ५०० जीबीची एनव्हीएमई (वेगवान एसएसडी, म्हणजे डेटा साठवायची चिप). ग्राफिक कार्ड घेतलं नाही, कारण या प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स आहे. रॅम मात्र १६ जीबीची एक स्टिक न घेता ८-८ च्या दोन घेतल्या. आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं, आणि दोन स्टिक असल्या की त्याला दुप्पट रुंद रस्ता मिळतो.

सगळं जोडून बटण दाबलं. पंखे फिरले, स्क्रीन काळीच. पोरगी रडकुंडीला आली. बोर्डावरचा बी४५० चिपसेट २०१८ चा, प्रोसेसर २०२१ चा, आणि बोर्डात बायोस (पीसी सुरू करणारा आतला प्रोग्रॅम) जुनंच होतं. त्याला हा प्रोसेसर ओळखताच येत नव्हता. राजारामपुरीतल्या दुकानदारानं स्वतःकडचा जुना प्रोसेसर बसवून बायोस अपडेट करून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. मुंबई-पुण्याहून मागवलं की चार पैसे सुटतात, पण अशा वेळी गावातलाच माणूस उभा राहतो.

तुम्ही काय घेतलं, कशात पैसे वाचवले, कशात वाचवायला नको होते, आणि आज ते कसं चाललंय, ते लिहा. भाव नाही लिहिले तरी चालेल. २०२५ च्या शेवटी रॅम कशी चढली ते सगळ्यांनी बघितलंय. काय टिकलं ते सांगा.

मंगळवार पेठ

काका, माझं सविस्तर लिहितो, कारण माझी चूक पुष्कळ जण करतात.

कॅबिनेटबरोबर एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) फुकट मिळाला. वर मोठ्या अक्षरात ४५० वॉट. मी खूश. आय३ प्रोसेसर आणि जीटीएक्स १६५० ग्राफिक कार्ड लावलं. हे कार्ड ७५ वॉटचं, त्याला वेगळी वायरही लागत नाही, म्हटलं निवांत चालेल. आठ महिने चाललं. मग गेम लावला की पीसी आपोआप बंद व्हायला लागला. मी रॅम बदलून बघितली, विंडोज परत टाकली. एका संध्याकाळी फाट्कन आवाज आला आणि जळका वास सुटला. एसएमपीएस गेला आणि जाताना बोर्डही घेऊन गेला. एसएसडी वाचली एवढंच नशीब.

तो एसएमपीएस मी उघडून बघितला (पिन काढून दोन दिवस ठेवल्यावर. आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, लगेच हात घालू नका). आतल्या सर्किटच्या पट्टीवर जिथं फिल्टरची कॉइल बसायला पाहिजे तिथं फक्त छापील खुणा होत्या आणि दोन भोकांना जोडणारी तार. कपॅसिटरची डोकी फुगलेली. मग बाजूचा स्टिकर नीट वाचला. १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. बारा सोळे एकशे ब्याण्णव. प्रोसेसर आणि कार्ड जवळजवळ सगळी वीज या १२ व्होल्टवरूनच घेतात, म्हणजे माझ्या कामाचा तो १९२ वॉटचाच होता. स्टिकर घरी आल्या दिवसापासून डोळ्यांसमोर होता.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. आमचं घर आजोबांच्या वेळचं. कॅबिनेटला पाठीमागं हात लागला की मुंग्या यायच्या, टेस्टर लावला की मिणमिणायचा. मला वाटायचं शॉर्ट आहे. वायरमनदादांनी सॉकेट उघडून दाखवलं : वरच्या मोठ्या भोकाला वायरच नव्हती. त्यांनी समजावलं ते असं. एसएमपीएसच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. नको असलेली गडबड त्यांच्यातून अर्थमध्ये जायची असते. अर्थच नसेल तर बॉडीवर निम्मा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, साचून राहतो. करंट अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या मुंग्या येतात. पण उद्या आत खरंच काही शॉर्ट झालं, तर तो करंट जायला आपल्या अंगाशिवाय वाट नाही. परड्यात खड्डा काढून कोळसा-मीठ घालून अर्थिंग करून घेतलं, पॅनेलमध्ये आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवला. मुंग्या त्याच दिवशी थांबल्या.

आता चांगला ब्राँझ (कमी वीज वाया घालवतो असं प्रमाणपत्र असलेला) एसएमपीएस आहे. प्रोसेसर एक पायरी खालचा घ्या, पण एसएमपीएस असाच घ्या.

विद्यापीठ हॉस्टेल

माझं थोडक्यात. ऑनलाइन आय३ १२१००एफ प्रोसेसर स्वस्त दिसला म्हणून घेतला. नावाच्या शेवटी 'एफ' म्हणजे आत ग्राफिक्स नाही, हे मला माहीत नव्हतं. मॉनिटर बोर्डाला जोडून दोन दिवस डिस्प्लेची वाट बघितली. मग कार्डासाठी पैसे साठेपर्यंत दीड महिना पीसी तसाच कॉटखाली. एका अक्षरानं सेमिस्टरचा प्रोजेक्ट अडला. घेण्याआधी ते शेवटचं अक्षर वाचा.

उद्यमनगर

वर्कशॉपला लागून ऑफिस आहे. ड्रॉइंग, कोटेशन, जीएसटी एवढंच काम, म्हणून ऑफिसात वापरलेला चौथ्या पिढीच्या आय५ प्रोसेसरचा पीसी घेतला आणि हार्डडिस्क काढून २४० जीबीची एसएसडी घातली. विंडोज सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं लागायची, ती वीस सेकंदांवर आली. कमी खर्चात एवढा फरक दुसऱ्या कशानं पडत नाही.

आमच्याकडची खरी अडचण धूळ. ग्राइंडिंगची धूळ म्हणजे लोखंडच, बोर्डावर बसली तर शॉर्ट करते. समोरच्या जाळीला पातळ स्पंज लावलाय आणि दर महिन्याला ब्लोअर मारतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. हवेनं पंखा सुसाट फिरला की बेअरिंग जातं. आमचा एक तसाच गेला.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. लिनक्स टाकलंय. पोरं आठवड्यात रुळली.

शाहूपुरी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या तळमजल्यात पुराचं पाणी आलं. आईबाबांना आणि गॅस-सिलिंडर वर नेताना पीसी खालीच राहिला. चार दिवसांनी कॅबिनेट उघडलं तर कार्डाच्या पंख्यात गाळ सुकून विटेसारखा झालेला. पार्ट गेल्याचं काही वाटलं नाही. हार्डडिस्कवर धाकट्या भावाच्या लग्नाचे फोटो होते, दुसरीकडे कुठंच नव्हते. त्याचं अजून वाटतं.

नवीन जुळवला तो भिंतीतल्या फळीवर, डोक्याच्या उंचीला. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला गेलं की धोक्याच्या ४३ ची वाट न बघता एसएसडी काढून पिशवीत घालते. दोन स्क्रू आणि दोन वायरी, मला आता अंधारातही जमतं. २०२१ च्या जुलैत असंच केलं.

कळंबा

सेकंड हँड ग्राफिक कार्डाला सगळे भितात, म्हणून चांगला अनुभव लिहितो. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (ग्राफिक कार्डांवर गणितं चालवून ते कमावणं) बंद झालं आणि मायनिंगची कार्डं बाजारात आली. मी आरएक्स ५८० घेतलं. विकणाऱ्याच्या घरीच तासभर लोड देऊन बघितलं, जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये शेडरचा (कार्डातल्या गणितं करणाऱ्या छोट्या भागांचा) आकडा तपासला. ५८० च्या नावानं २०४८ शेडरचंही कार्ड मिळतं, पूर्ण कार्डाला २३०४ असतात. घरी आणून चिपची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली. आजही चालू आहे. मात्र हे १८५ वॉट ओढतं, त्यामुळं मंगळवार पेठेच्या दादांचं म्हणणं इथं दुप्पट लागू.

गगनबावडा

ताई, तुमच्याकडं पाणी खालून येतं, आमच्याकडं हवेतूनच. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत. पीसी आठवडाभर बंद राहिला की हमखास बीप वाजते आणि डिस्प्ले येत नाही. प्लग काढायचा, रॅम काढायची, सोनेरी दातांवरून पांढरा खोडरबर हलक्या हातानं फिरवायचा, कचरा फुंकून न काढता कोरड्या ब्रशनं झाडायचा. फुंकलं की तोंडाची वाफ बसते. परत बसवताना दोन्ही बाजूंनी टक् आवाज आला पाहिजे. आता पावसाळ्यात काम नसलं तरी रोज तासभर चालू ठेवते, आतल्या उबेनं दमट धरत नाही. यंदा रॅम एकदाही काढावी लागली नाही.

धागा काढणारा

मंगळवार पेठेचा अनुभव वाचून काल रात्री आमच्या कॅबिनेटला टेस्टर लावला. मिणमिणला. पोरगी दोन वर्षं त्याच टेबलाशी अनवाणी बसते. प्लग काढून ठेवलाय, वायरमनला सकाळीच बोलावलंय. तिला सबमिशन आहे, तोवर तिच्या मैत्रिणीकडं बसून करायला सांगितलंय.